कच्ची वही

आमच्या गावभागातल्या घराच्या माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक आहे आणि तीत माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या हाताच्या २९ वह्या आहेत. अण्णा सांगलीतल्या हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. दुकान मोडले त्या वर्षी जुन्या चोपड्या रद्दीत जायच्या होत्या. मालकांनी "अक्षर तुमचे आहे, तुम्हीच न्या" असे म्हणून त्या अण्णांच्या हवाली केल्या. त्यांतल्या १७ कच्च्या आहेत आणि १२ पक्क्या. कच्ची वही म्हणजे पोती उतरत असताना, काट्यावर वजन होत असताना, हमालांना हाका मारता मारता गुडघ्यावर धरून पेन्सिलीने लिहिलेली. आणि पक्की म्हणजे दिवेलागणीनंतर त्याच दिवसाचा मेळ बसवून शाईने, वळणदार अक्षरात उतरवलेली रोजकीर्द, म्हणजे दिवसावार जमाखर्च, आणि खतावणी, म्हणजे त्याचीच खातेवार मांडणी. मेळ बसला की अण्णा कच्च्या वहीच्या त्या पानावर एक तिरकी रेघ ओढत. त्या पानाचे काम संपले, असा त्या रेघेचा अर्थ होता. लहानपणी मला पक्क्या वह्याच तेवढ्या खऱ्या वाटत आणि कच्च्यांकडे मी कितीतरी वर्षे उघडूनही पाहिले नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आम्ही धान्य आणि औषधे वर नेली, आणि ट्रंक नेण्याची आठवण शेवटी झाली. ती शेजाऱ्यांच्या गच्चीवर पोहोचली तोपर्यंत तळच्या चार वह्यांनी ओल धरली होती. पुढे त्या वाळल्या, पण पानांच्या कडा फुगल्या आणि शाई कागदात पसरून अक्षरांभोवती जांभळी झाक आली. पेन्सिलीचे मात्र काही बिघडले नाही. पेन्सिलीतले शिसे म्हणजे कार्बनच, ते पाण्यात विरघळत नाही, हे मला तेव्हा प्रत्यक्ष पाहून कळले. त्या पुरानंतर मी ठरवले की या सगळ्या वह्यांचे पान न् पान स्कॅन करायचे, नीट वाचायचे, आणि जमेल तेवढे टंकित करून ठेवायचे. माझा व्यवसाय मुद्रितशोधनाचा आणि अक्षरजुळणीचा. स्मरणिका, पुस्तिका, एखादे पुस्तक अशी कामे मी घरी बसून करते. त्यामुळे हे काम माझ्या हातातले होते. ज्या यंत्रावर ते करायचे तो लॅपटॉप मात्र २०१४ साली घेतलेला होता.

पहिली वीसेक पाने सुरळीत जात. त्यानंतर काय होई ते मी इतक्या वेळा पाहिले आहे की आजही डोळ्यांपुढे उभे राहते. मी "हळद" असे टंकित करी, आणि पडद्यावर "ह" येऊन थांबे. डाव्या तळहाताखाली, जिथे हार्डडिस्क असते तिथे, करकर असा बारीक आवाज सुरू होई आणि कडेचा लहानसा दिवा न लुकलुकता सलग जळत राही. मग दोन-तीन श्वासांनंतर "ळद" एकदम येई. स्कॅन केलेले एखादे पान मोठे करून पाहायचे म्हटले तर आधी राखाडी चौकोन दिसे आणि त्यात वरून खाली अक्षरे उतरत येत. एका संध्याकाळी मी एका पानावरून दुसऱ्या पानावर जाण्यासाठी लागणारा वेळ भिंतीवरच्या घड्याळात मोजला, तर तो ४० सेकंद भरला. जुळवून पाहण्याच्या कामात ४० सेकंद फार असतात. पहिल्या पानावरचा आकडा मनात धरून दुसऱ्या पानाची वाट पाहत बसावे, तर मधल्या वेळात तो आकडा मनातून निसटतो आणि परत मागे जावे लागते.

ज्याला त्याला विचारले, आणि जवळजवळ प्रत्येकाने एकच सांगितले की दहा वर्षे झाली, आता टाकून द्या, नवा घ्या. आपल्याकडे पूर्वी शिलाई यंत्र, सायकल, पितळेचा स्टोव्ह यांपैकी काही अडले की आधी त्याचे काय अडले ते पाहण्याची रीत होती. संगणकाच्या बाबतीत ती आपण कधी लावूनच घेतली नाही. मंद झाला म्हणजे म्हातारा झाला आणि म्हातारा झाला म्हणजे गेला, असे आपण धरून चालतो. मलाही ते पटत चालले होते, आणि त्या अवस्थेतच मी हरभट रोडच्या आतल्या एका गल्लीतल्या दुरुस्तीच्या दुकानात, जुना देऊन नवा घेताना याचे किती येतील हे विचारायला गेले.

त्या दुकानातल्या मुलाचे वय पंचवीसच्या पुढे नसेल. त्याने किंमत सांगण्याआधी लॅपटॉप चालू करायला सांगितला. "रोज जे करता, तेच करा की काकू," असे म्हणून तो शेजारी उभा राहिला. मी स्कॅनची पाने उघडत गेले. पंचविसाव्या पानाशी त्याने यंत्राचा कोणता भाग किती कामात आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडून माझ्यापुढे सरकवला. प्रोसेसरचा आकडा २० टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होता, मेमरीचा, म्हणजे रॅमचा, ९६ वर गेला होता आणि डिस्कचा १०० वर चिकटून बसला होता. तो म्हणाला, "डिस्क खराब न्हाई काकू. रॅम भरलीय, म्हणून डिस्क राबतीय. मशीन चांगलं हाय तुमचं, जागा कमी पडतीय त्याला." 

राबतीय हा शब्द मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होते. ज्याला मी थकलेले समजत होते ते यंत्र प्रत्यक्षात थकलेले नव्हते. त्याचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, तर पाचातला एक हिस्सा काम करून बाकी वेळ वाट पाहत बसला होता, आणि हार्डडिस्कची बिचारी तबकडी त्याच्यासाठी धावाधाव करत होती.

हे नेमके काय चालते ते मला अडत दुकानाच्या आठवणीतून समजले, आणि मला वाटते सांगलीच्या कुणालाही ते तसेच समजेल. सांगलीलगतच्या हरिपुरात हळद पेवांमध्ये साठवत. पेव म्हणजे जमिनीत खणलेली, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद अशी खोल खाण. तिथल्या मातीचा गुण असा की पेवातली हळद वर्षानुवर्षे किडीवाचून टिके. पण पेवातल्या हळदीचा सौदा पेवात होत नाही. ती वर काढून, दुकानी आणून, ओट्यावर ओतावी लागते, मग तिच्यावर हात फिरतो, कांडे मोडून आतला रंग पाहिला जातो, वजन होते. ओटा मोठा असेल तर चार शेतकऱ्यांचा माल एकाच वेळी मांडता येतो. लहान असेल तर एकाचा भरून, उचलून, परत पाठवल्याशिवाय दुसऱ्याचा ओतता येत नाही, आणि मग हमाल दिवसभर नुसते भरत आणि ओततच राहतात. हार्डडिस्क हे पेव आहे आणि रॅम हा ओटा. रॅम भरली की विंडोज तिच्यातला, त्या क्षणी हात न लागलेला भाग उचलून हार्डडिस्कवरच्या पेज फाइलमध्ये नेऊन ठेवते, आणि तो पुन्हा लागला की दुसरा काही तरी भाग बाहेर काढून याला आत घेते. मला ऐकू येत होती ती करकर या ने-आणीची होती.

या ने-आणीला किती वेळ लागतो ते आकड्यांत पाहिले आणि मी थक्क झाले. लॅपटॉपमधल्या साध्या हार्डडिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी जाते, आणि ते टोक योग्य कडीवर सरकण्याचा वेळ निराळा; सगळे मिळून दहा-पंधरा मिलिसेकंद. रॅममधली जागा गाठायला लागतात सुमारे १०० नॅनोसेकंद. दोहोंत लाखपटीचा फरक आहे. ओट्यावरची वस्तू उचलायला एक सेकंद लागतो असे धरले, तर पेवातून तीच आणायला एक दिवस आणि वर पावणेचार तास लागतील. माझ्या यंत्रात हे दर सेकंदाला अनेकवार घडत होते, आणि तरीही ते माझ्यापुढे "ळद" आणून ठेवत होते.

पण अवघी शंभरेक पाने उघडायला ४ जीबीची रॅम का पुरू नये, हा प्रश्न उरलाच होता. कारण डिस्कवर पाहिले तर एकेका पानाची फाइल तीन एमबीच्याही आत होती. त्याचे उत्तर असे की डिस्कवर चित्र दाबून, घडी घालून ठेवलेले असते. पाहायला उघडले की ती घडी पूर्ण मोडावी लागते. ए-४ आकाराचे पान इंचाला ३०० बिंदू या हिशोबाने स्कॅन केले तर त्यात आडवे २,४८० आणि उभे ३,५०८ बिंदू येतात. प्रत्येक बिंदूच्या लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी एकेक बाइट लागतो. गुणाकार करा, एका पानाला २ कोटी ६० लाख ९९ हजार ५२० बाइट होतात, म्हणजे २५ एमबीच्या आसपास. ४० पाने उघडली की एक जीबी गेला. ४ जीबीपैकी निम्म्याच्या आसपास विंडोजच्या स्वतःच्या कारभारात जाते, थोडी पडद्यावरचे चित्र उमटवणारा भाग वापरतो, फॉन्ट आणि शब्दकोश यांना काही लागते. राहिलेला ओटा पंचवीस-तीस पानांचाच होता. पुरात भिजलेल्या वह्यांसाठी मी ६०० बिंदूंचे स्कॅन घेत होते, कारण पसरलेल्या शाईतून मूळ रेघ ओळखायची होती. तिथे दोन्ही दिशांना बिंदू दुप्पट, म्हणून एका पानाला चौपट, म्हणजे १०० एमबी लागत होते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक नावाचा संगणक बांधला गेला, तो १९६० साली कामाला लागला. त्याच्या स्मृतीत २,०४८ शब्द मावत आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा असे, म्हणजे एकूण १० केबी. ती स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची, तारांत ओवलेली होती. अण्णांच्या कच्च्या वहीचे एक पान पुरते उलगडायला तसे अडीच हजार संगणक लागले असते. तेवढ्या दहा केबींवर आपल्या देशात शास्त्रज्ञांनी खरे गणित केले आहे, हे आठवले की मला ४ जीबीला "काहीच नाही" म्हणणे फार जड जाते.

इथे शब्दाविषयी थोडे बोलायला हवे, कारण तो माझा प्रांत आहे. रॅमला पाठ्यपुस्तकांतून स्मृती असा शब्द योजलेला दिसतो. मला तो योग्य वाटत नाही. स्मृती म्हणजे जे मागे उरते ते. रॅममध्ये तर वीज गेल्यावर काहीच उरत नाही. आजच्या रॅमचे मूळ आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांच्या कल्पनेत आहे. त्यांना ती १९६६ साली सुचली आणि १९६८ साली तिचे पेटंट मिळाले. एका बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक सूक्ष्म कपॅसिटर, एवढीच तिची रचना. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. पण हा भार गळतो. फुटक्या रांजणातल्या पाण्यासारखा तो आपोआप ओसरत जातो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक घर एकदा वाचून पुन्हा भरावे लागते. सेकंदाला पंधराहून अधिक वेळा सगळी रॅम स्वतःला पुन्हा लिहून काढत असते, आपण काही करत असू वा नुसते बसलो असू. रॅमच्या आठ जीबीच्या एका पट्टीत अशी ६,८७१ कोटींहून अधिक घरे असतात. इतक्या अखंड जागरणाने जे क्षणभर टिकवून धरले जाते, त्याला मी स्मृती म्हणणार नाही. ती कच्ची वही आहे. चालू दिवसाचे सगळे तिच्यात असते, आणि "सेव्ह" दाबले म्हणजे त्यातले हवे तेवढे पक्क्या वहीत उतरते.

रॅम वाढवायची हे ठरल्यावर दुकानातल्या मुलाने मला एक प्रामाणिक सल्ला दिला, तो पुढच्याच्या उपयोगी पडेल म्हणून नोंदवते. सगळेच मंद लॅपटॉप रॅमने सुधारत नाहीत. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी साठ-सत्तर टक्क्यांवर असताना डिस्क शंभरावर जात असेल, तर हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपांची डिस्क बसवणे हा उपाय आहे, आणि पुष्कळ जुन्या यंत्रांना त्याचाच गुण येतो. मेमरी भरून डिस्क राबत असेल, तर आधी रॅम. दुसरे असे की विंडोज ३२-बिट असेल तर पत्त्यांसाठी ३२ अंकच असतात आणि त्यांतून ४ जीबीपलीकडची घरे गाठताच येत नाहीत, मग कितीही रॅम बसवली तरी ती वापराविना पडून राहते. माझे ६४-बिट होते. प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीचा, रॅमच्या पट्ट्या बसवायचे दोन स्लॉट, आणि जास्तीत जास्त १६ जीबी चालेल अशी मर्यादा.

मी मात्र त्याच्याकडून न घेता घरी येऊन ऑनलाइन ८ जीबीची एक पट्टी मागवली. ती आली, मी स्वतः बसवली, आणि लॅपटॉप चालू झाला नाही. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा काळाच राहिला. पट्टी काढून पुन्हा बसवली तरी तेच. त्या रात्री मला झोप लागली नाही; दहा वर्षे साथ दिलेले यंत्र आपण आपल्या हाताने घालवले, हाच विचार मनात राहिला. सकाळी दुकानात गेले. मुलाने पट्टीवरचे लेबल पाहिले आणि जुन्या पट्टीशेजारी ठेवून माझ्याकडे दिली. जुनीवर लिहिले होते पीसी३एल-१२८००. नवीवर पीसी३-१२८००. दोन्ही डीडीआर३ या एकाच प्रकारच्या, दोन्हींचा वेग १६००, दोन्हींना २०४ पिना, दोन्हींची खाच एकाच जागी, म्हणून नवी बसली अगदी सहज. पण एल हे अक्षर असलेली पट्टी १.३५ व्होल्टवर चालते आणि नसलेली १.५ व्होल्टवर, आणि माझ्या प्रोसेसरला १.३५ चीच चालते. त्याने जुनी पट्टी परत लावून लॅपटॉप चालू करून दाखवला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

दिन आणि दीन यांतला एका वेलांटीचा फरक दाखवून देण्यावर मी पस्तीस वर्षे पोट भरले आहे. ते एक अक्षर माझ्या नजरेतून सुटायला नको होते. त्या दिवसापासून मी यंत्रावरचे लेबलही मुद्रिताइतकेच, बोट ठेवून, अक्षर अक्षर वाचते, आणि दुसऱ्यालाही तेच सांगते की पट्टी घेण्याआधी आतली काढा, तिचे लेबल कागदावर उतरवून घ्या, आणि मगच विचारायला जा.

शेवटी मी त्याच्याकडूनच ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या. त्या नव्या नव्हत्या. पडदा फुटल्यामुळे मोडीत निघालेल्या दोन लॅपटॉपमधून त्याने त्या काढून ठेवल्या होत्या. रॅममध्ये झिजणारा, फिरणारा असा एकही भाग नसतो आणि बहुतेक वेळा ती आपल्या यंत्राहून अधिक जगते, त्यामुळे जुनी घ्यायला मला संकोच वाटला नाही. दोन सारख्या घेतल्या याला कारण असे की दोन्ही स्लॉट सारखे भरले तर प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी देवाणघेवाण करतो. एका स्लॉटमधून सेकंदाला १२.८ जीबी, दोन्हींतून २५.६. एक दार असलेल्या वखारीला दुसरे दार पाडावे तसे ते आहे. वेगवेगळ्या मापाच्याही चालतात, पण मग सगळी रॅम दुहेरी वाटेने जात नाही.

या वेळी बसवणे त्याच्यासमोर, त्याच्या टेबलावर, पण माझ्या हातांनी झाले. तसा मीच हट्ट धरला. हिवाळ्याचे दिवस होते, हवा कोरडी होती आणि मी मुद्दाम सुती साडी नेसून गेले होते. कोरड्या हवेत पॉलिस्टरच्या घर्षणाने अंगावर साठणारी वीज आपल्याला चटका देते तेव्हा ती तीन हजार व्होल्टच्या आसपास असते, आणि चिप बिघडायला त्याहून फार कमी पुरते, आपल्याला काही जाणवण्याच्या आधीच. म्हणून आधी टेबलाच्या लोखंडी पायाला हात लावला. चार्जर काढला, बॅटरी काढली, आणि आत उरलेली वीज जावी म्हणून चालू करण्याचे बटण दहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरले. लॅपटॉप पालथा केल्यावर पोटाशी एक लहान झाकण होते, त्याला दोन स्क्रू. झाकणाखाली दहा वर्षांची धूळ एखाद्या करड्या फडक्यासारखी अंथरली होती; ती त्याने मऊ कुंचल्याने काढली.

जुनी पट्टी दोन बाजूंच्या बारीक पोलादी कानांनी धरलेली असते. दोन्ही कान अंगठ्यांनी एकदम बाहेर लोटले की पट्टी आपोआप वर उचलली जाते आणि तिरकी उभी राहते. मग ती कडेने धरून ओढायची, सोनेरी पिनांना बोट न लावता. मुलाने मोडीतून काढलेल्या त्या दोन पट्ट्यांच्या पिना पेन्सिलीच्या मऊ खोडरबराने अलगद पुसून, भुकटी झटकून मला दिल्या. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, जोर दिला तर निघतो, हे त्याने दोनदा सांगितले. खोडरबर पाहून मला अण्णांच्या कानावरची पेन्सिल आठवली. नवी पट्टी तीस अंशांच्या तिरक्या कोनात धरून, खाच खुंटीला जुळवून आत सरकवली. पिनांची कड अगदी सुताएवढी दिसत राहिली, तेव्हा "अजून थोडी" म्हणाला. अजून थोडी दाबली. मग वरून खाली टेकवली, आणि दोन्ही कान एकाच वेळी "टक्" करून मिटले. दुसरी पट्टी तिच्यावरच्या स्लॉटमध्ये तशीच गेली. पूर्ण आत न जाता ती नुसती टेकलेली राहिली तरी कान मिटल्यासारखे वाटतात, पण तो आवाज येत नाही. त्या आवाजावर विसंबावे.

पडदा उजळायला नेहमीपेक्षा थोडा अधिक वेळ लागला. नवी रॅम मोजताना पहिल्यांदा तसे होते, असे त्याने आधीच सांगितले होते म्हणून मी शांत राहिले. मग आकडा आला, १६ जीबी. रात्री घरी मी मेमरी तपासणारा प्रोग्राम लावून झोपले. तो प्रत्येक घरात आकडे लिहून परत वाचतो, पुन्हा उलटे लिहून परत वाचतो. जुनी पट्टी घेतली असेल तर ही तपासणी चुकवू नये. सकाळी उठून पाहिले, चूक शून्य. अण्णा मेळ बसल्यावर ज्या समाधानाने वही मिटत, ते समाधान मला त्या शून्याने दिले.

सगळेच सुधारले असे नाही. लॅपटॉप सुरू व्हायला अजूनही दोन मिनिटे लागतात, कारण पेवातून पहिल्यांदा माल काढायचा तो त्याच जुन्या वाटेने येतो. विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ची अट इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढची आहे. त्यावर १६ जीबीचा काही उपाय नाही. म्हणून मी या यंत्राचे इंटरनेट काढून टाकले आणि ते केवळ वह्यांच्या कामाला ठेवले. आता दुकानांत जे पातळ लॅपटॉप दिसतात, त्यांतल्या कितीतरींत रॅमच्या चिपा बोर्डालाच डाख देऊन बसवलेल्या असतात. त्याने यंत्र पातळ होते, वीज कमी लागते, हे खरे आहे. पण घेताना जेवढी रॅम घेतली तेवढ्यावरच त्याचे आयुष्य बांधले जाते. मला हे अन्यायाचे वाटते. माणसाचे काम दहा वर्षांत वाढते, आणि ओटा वाढवण्याची सोय घर बांधणाऱ्याने ठेवायला हवी.

निघालेली ४ जीबीची पट्टी आमच्या आळीतल्या, विलिंग्डन महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीच्या लॅपटॉपमध्ये गेली. तिच्याकडे एक स्लॉट रिकामा होता, आणि या वेळी आम्ही दोघींनी आधी लेबल वाचले.

आणि वह्या. पूर्वी मी एका वेळी एकच वही उघडू शके. आता कच्च्या वहीचे पान डावीकडे, रोजकीर्द मध्ये आणि खतावणी उजवीकडे अशी तिन्ही मांडून, एकाच दिवसाचे तिन्ही ठिकाणी काय झाले ते डोळ्यांनी सरळ रेषेत पाहता येते. शंभर-शंभर पानांच्या तीन वह्या उघडल्या तरी करकर होत नाही. असे महिनाभर मी १९७८ सालचे चैत्र-वैशाख पाहत होते, आणि एका दिवशी आकडे जुळेनात. रोजकीर्दीत हरिपूरचे पेव उघडल्याची चार गड्यांची मजुरी एकाच दिवसाची पडली होती. कच्च्या वहीत मात्र ते पेव दोन दिवस उघडलेले होते. बंद पेवातली हवा विषारी झालेली असे, म्हणून झाकण काढल्यावर काही वेळ जाऊ देऊन आधी कंदील सोडत. तो जळत राहिला तरच माणूस उतरे. आदल्या दिवसाच्या पानावर तिरक्या रेघेखाली अण्णांच्या पेन्सिलीने लिहिलेले होते, "कंदील विझला. दोनदा सोडला, दोनदा विझला. कोणास उतरू दिले नाही. चार गड्यांचा रोज २० रु., माझे नावे." 

उजवीकडच्या खतावणीत अण्णांच्या स्वतःच्या खात्याचे पान उघडून मी त्या महिन्याची अखेर पाहिली. पगारातून उचल वजा केलेली होती, २० रुपये, आणि कारणाच्या रकान्यात त्यांनी "घरखर्च" असे लिहिले होते.